गेटवरचा कागद

विरारमध्ये रिक्षात बसून 'विवा कॉलेज' म्हटलं की रिक्षावाला मागे वळून विचारतो, "जुनं की नवं?" इंजिनीअरिंगच्या मुलाला तर तिसरंच ठिकाण हवं असतं, रुळांच्या पलीकडे, पूर्वेला शिरगावात. वसईतला घोळ वेगळा. बाहेरच्या माणसाच्या लेखी वसई म्हणजे वसई रोड स्टेशन, आणि जुन्या वसईकराच्या लेखी वसई म्हणजे किल्ल्याकडचं गाव. स्टेशनजवळच्या विद्यावर्धिनीच्या आवारात शिरलात तर वर्तक महाविद्यालय तिथेच, अभियांत्रिकी महाविद्यालयही तिथेच. पत्ता एक, इमारती अनेक.

रिक्षावाल्याला विचारायला वेळ असतो. १०१ वर फोन उचलणाराही विचारतो, पण पलीकडचा माणूस "कॉलेजला आग लागलीय, लवकर या" एवढंच ओरडून फोन ठेवून देतो. मग बंब निघतो आणि उरलेले प्रश्न गेटवर येऊन पडतात. त्या वेळी गेटवर कोण असतं? बहुतेकदा एजन्सीनं महिन्याभरापूर्वी पाठवलेला वॉचमन.

या लेखाचा विषय तेवढाच आहे. बंब गेटवर पोचल्यापासून नळीतून पाणी सुटेपर्यंत जवानांना कोणती माहिती लागते, ती कुठे असते आणि ती कुठे असायला हवी.

आधी ती कुठे असते ते पाहू. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा बसवणं आणि ती चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी. यंत्रणा बसवली की परवानाधारक एजन्सी 'फॉर्म ए' देते, आणि पुढे दरवर्षी जानेवारीत व जुलैत, म्हणजे दोनदा, यंत्रणा ठीक असल्याचा 'फॉर्म बी' द्यावा लागतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेत १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत 'हायराइज' धरली जाते. अशा इमारतींसाठी संहितेनं तळमजल्यावर कंट्रोल रूमची आणि तिथे प्रत्येक मजल्याचा नकाशा व यंत्रणांचा तपशील ठेवण्याची कल्पना कधीच मांडली आहे.

म्हणजे कागद असतात. ना हरकत दाखला असतो, मंजूर नकाशे असतात, फॉर्म असतात. हे सगळं एका जाडजूड फायलीत, ती फाईल कार्यालयाच्या कपाटात, कपाटाची किल्ली हेडक्लार्ककडे, आणि हेडक्लार्क रात्री दोन वाजता नायगावला आपल्या घरी झोपलेला. ही फाईल तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी तयार झालेली असते. अंधारात, घाईत, हातमोजे घालून उभ्या असलेल्या जवानासाठी ती नाही. त्याला वेगळा कागद लागतो, एका पानाचा.

त्या पानावर काय असावं हे ठरवायचा सोपा मार्ग म्हणजे अधिकारी गाडीतून उतरल्यावर काय विचारतो ते पाहणं.

पहिला प्रश्न गाडीचाच असतो: आत कुठून घेऊ? बहुतेक आवारांना दोन-तीन गेटं असतात. पुढच्या गेटावर संस्थेच्या नावाची कमान, मागचं गेट साखळी लावून बंद. संहितेप्रमाणे आवाराचं मुख्य प्रवेशद्वार सहा मीटरपेक्षा अरुंद नसावं. पण गेट सहा मीटर असून आत दुचाक्यांची रांग असली तर उपयोग नाही. वसईत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे जमीन. जुलैत इथल्या मैदानावर माणसाचा पाय रुततो. साधारण साडेचार हजार लिटरचा बंब म्हणजे नुसतं पाणीच साडेचार टन, गाडीचं वजन वेगळं. उन्हाळ्यात जिथून गाडी सहज जाते तिथे पावसाळ्यात ती चाकापर्यंत रुतून बसेल. म्हणून कागदावर नुसता रस्ता दाखवून भागत नाही. बारमाही पक्का रस्ता कोणता आणि गाडी उभी करायची पक्की जागा कोणती, हे दाखवावं लागतं. रस्ता नसला की काय होतं ते विरारनं ऑगस्ट २०२५ मध्ये पाहिलं. रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ माणसं गेली तेव्हा अरुंद गल्लीमुळे मोठी यंत्रं लगेच आत नेता आली नाहीत. ती आग नव्हती, पण वाटेची अडचण तीच.

दुसरा प्रश्न: आत कोणी आहे का? कॉलेज म्हटलं की आपण धरून चालतो, रात्री कोणी नसणार. पण वसतिगृह असतं, स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी उघडी ठेवलेली अभ्यासिका असते, महोत्सवाच्या आदल्या रात्री सजावट करणारी पोरं असतात, रंगकाम चालू असलं तर मजूर वरच्या मजल्यावर झोपलेले असतात. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरार पश्चिमेच्या विजय वल्लभ कोविड रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्याच दिवशी १३ रुग्णांचा मृत्यू झाला. ते रुग्णालय होतं, आपण कॉलेजबद्दल बोलतोय. तरी एक प्रश्न दोन्हीकडे सारखाच राहतो: आपल्या पायांनी बाहेर येऊ न शकणारी माणसं कोणत्या खोलीत आहेत? व्हीलचेअर वापरणारा विद्यार्थी वसतिगृहात कुठे राहतो हे कागदावर असायला हवं. नाव नको, खोली पुरे.

तिसरा प्रश्न सगळ्यांत किचकट. काय जळतंय, आणि त्याच्या शेजारी काय आहे?

भारतात १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन का, हे पुष्कळांना माहीत असतं. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही होता. दुपारी जवानांनी शेकडो टन पाणी आत सोडलं, पण धूर इतका दाट की आगीचं मूळ सापडेना. चारच्या सुमारास स्फोट झाला. अग्निशमन दलाची ६६ माणसं त्यात गेली. एप्रिलमध्ये शाळा-कॉलेजांत या दिवसाच्या निमित्तानं फायर एक्स्टिंग्विशरची प्रात्यक्षिकं होतात. ती व्हावीतच. पण तो दिवस मला दरवेळी बंद कोठाराची आठवण करून देतो. आत काय आहे आणि ते नेमकं कुठे आहे, हे बाहेरून कळायला हवं.

शैक्षणिक आवारातलं उदाहरण हवं असेल तर पुण्याचं घ्या. ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म जिथे ठेवल्या होत्या तिथे आग लागली. भारतीय सिनेमाच्या सुरुवातीच्या काळातला मोठा ठेवा त्यात गेला. नायट्रेट फिल्म आपला ऑक्सिजन स्वतःच बाळगते. हवा तोडली तरी ती जळते, पाण्याखाली बुडवली तरी जळते. अशी वस्तू एका खोलीत आहे हे दारावर लिहिलेलं असलं तर जवान तिथे वेगळ्या तयारीनं जातो.

आपल्या साध्या कॉलेजात नायट्रेट फिल्म नसते, पण रसायनशास्त्राचं स्टोअर असतं. त्यात रॉकेलमध्ये बुडवलेला सोडियम असतो. त्यावर पाणी पडलं की हायड्रोजन सुटतो आणि पेट घेतो. ॲसिटोन असतं, ईथर असतं, तीव्र आम्लं असतात, प्राणिशास्त्राच्या संग्रहात फॉर्मॅलिनच्या बरण्या असतात. वर्कशॉपमध्ये ॲसिटिलीनचं सिलिंडर, कँटीनच्या मागे गॅसच्या टाक्या. सर्व्हर रूममध्ये कदाचित कार्बन डायऑक्साइड सोडणारी यंत्रणा; ती सुटली असताना पाठीवर हवेचं सिलिंडर न लावता खोलीत शिरलेला माणूस गुदमरेल. आणि गेल्या काही वर्षांत गच्चीवर आलेले सोलर पॅनेल. यांच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे चांगले इलेक्ट्रिशियनही फसतात. मेन स्विच पाडला की इमारतीचा वीजपुरवठा बंद होतो, पण पॅनेलवर ऊन पडतंय तोवर पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरींत विजेचा दाब असतोच. जवानाला वाटतं वीज तोडली, आणि गच्चीवर नळी मारायला गेल्यावर तो धोक्यात येतो. म्हणून सोलरचा स्वतंत्र आयसोलेटर कुठे आहे आणि त्याच्या वायरी कोणत्या भिंतीवरून उतरतात, हे कागदावर वेगळ्या रंगात हवं.

हे सगळं लिहायला गेलं तर दहा पानं होतील. अमेरिकेत यासाठी एक युक्ती आहे, दारावर चार रंगांचा चौकोन टोकावर उभा करून लावतात. निळा आरोग्याच्या धोक्यासाठी, लाल ज्वलनशीलतेसाठी, पिवळा अस्थिरतेसाठी, आणि पांढऱ्यात खास सूचना. रंगीत खणांत शून्य ते चार असा आकडा, चार म्हणजे सर्वांत वाईट. पांढऱ्या खणात काट मारलेलं इंग्रजी डब्ल्यू दिसलं तर पाणी मारू नये. आपल्याकडे याची जुळी बहीण रस्त्यावर रोज दिसते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून जाणाऱ्या रसायनांच्या टँकरवर जो फलक असतो, त्यावर पदार्थाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो, पेट्रोलला १२०३, एलपीजीला १०७५. वसई पूर्वेच्या या महामार्गावर काम करणाऱ्या जवानांना असे फलक वाचायची सवय असते. मग रसायनांच्या स्टोअरच्या दाराला तसाच एक फलक लावला तर त्यांना नव्यानं काही शिकावं लागणार नाही. खर्च एका फ्लेक्सचा. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आपण जो खर्च करतो त्यापुढे तो काहीच नाही.

चौथा प्रश्न जिन्यांचा. सुरतच्या सरथाणा भागात तक्षशिला आर्केडमध्ये २४ मे २०१९ रोजी क्लासला आलेले २२ विद्यार्थी गेले. वर जायचा जिना आगीनं धरला आणि मुलांनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. कॉलेजच्या इमारतींना सहसा दोन जिने असतात. अडचण असते ती दुसऱ्या जिन्याच्या ग्रिलची. परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून, मुलं गच्चीवर जाऊ नयेत म्हणून, चोरी होऊ नये म्हणून प्रत्येक मजल्यावर ग्रिल आणि प्रत्येक ग्रिलला कुलूप. कागदावर जिना दाखवला आणि कुलूप दाखवलं नाही, तर तो कागद जवानाला फसवतो. कोणता जिना गच्चीपर्यंत जातो, कोणता दुसऱ्या मजल्यावर संपतो, कोणत्या ग्रिलची किल्ली कुठे, हे स्पष्ट हवं. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा साधारण अर्धा तास पुरते, धावपळीत त्याहून कमी. बंद ग्रिलपाशी घालवलेली पाच मिनिटं त्या अर्ध्या तासातूनच वजा होतात.

इमारतीच्या तब्येतीचा प्रश्न जवान तोंडानं विचारत नाही, पण तो त्याच्या जिवाशी असतो. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासला लागलेल्या आगीत जळती इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलानं आपले प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गमावले. आपल्या आवारात जुनी लोड-बेअरिंग इमारत असली, वर नंतर चढवलेला मजला असला, गच्चीवर पत्र्याची शेड टाकून वर्ग भरत असतील, तर तेही त्या पानावर लिहायला हवं. इथे संस्थांचा हात अडखळतो. पत्र्याची शेड नकाशात मंजूर नसेल तर ती कागदावर दाखवायची कशी? माझं मत साधं आहे. आग मंजुरी बघून लागत नाही. गेटवरचा कागद जे आहे ते दाखवतो, जे मंजूर आहे ते नव्हे.

पाण्याचा प्रश्न मी शेवटी घेतोय. सर्वसाधारण समज असा की तोच पहिला. बंबातलं साडेचार हजार लिटर पाणी एका नळीतून मिनिटाला साडेचारशे लिटर या वेगानं सोडलं तर दहा मिनिटांत संपतं. मग आवारातली भूमिगत टाकी. ती किती लिटरची, झाकण कुठे, फायर पंप कुठल्या खोलीत, तो चालू करायचा स्विच हातानं ओढायचा की आपोआप चालतो. इमारतीच्या उभ्या पाइपात खालून पाणी भरायचं चार तोंडांचं इनलेट कोणत्या भिंतीला. ते शोभेच्या झुडपांमागे दडलेलं असायची शक्यता मोठी.

वसईला इथे एक देणगी आहे, बावखलं. वाड्यांतली ही जुनी तळी अजून बऱ्याच ठिकाणी टिकून आहेत, शिवाय विहिरी आणि देवळांजवळची तळी. बंबाचा पंप पाणी खेचू शकतो, मात्र पाण्याची पातळी पंपाच्या खाली सात मीटरच्या आसपासच असली तर. त्याहून खोल गेली की हवेचा दाब पुरत नाही, पंप कितीही दणकट असो. म्हणून कागदावर जवळचं बावखल किंवा विहीर दाखवताना दोन गोष्टी लिहाव्यात: मे महिन्यात पाणी किती खाली जातं, आणि गाडी काठापर्यंत जाते का. पर्यटनाच्या नकाशावर बावखल निराळ्या कारणानं असतं, इथे ते पाण्याची टाकी म्हणून असेल.

आता हे सगळं एका पानावर बसवायचं कसं? आर्किटेक्टचा नकाशा लहान करून छापला तर कोणालाच काही वाचता येत नाही. मापं, ग्रिड, शीर्षकाची चौकट, बाणांच्या जाळ्या सगळं काढून टाकायचं. राहतात इमारतींचे ठोकळे, रस्ते, जिने, आणि ठळक खुणा: वीज, गॅस, पाणी, रसायनं, कुलूप. एक गोष्ट मात्र सहसा सुचत नाही. नकाशात उत्तर वर ठेवायची सवय इथे सोडावी. वाचणारा माणूस गेटवर उभा आहे, तर गेट पानाच्या खाली आणि आवार त्याच्या समोर पसरलेलं असावं, जसं त्याला प्रत्यक्ष दिसतंय. दोन गेटं असतील तर दोन वेगळी पानं. भाषा मराठी, अक्षरं हाताच्या लांबीवरून टॉर्चच्या उजेडात वाचता येतील एवढी. इमारतींची नावं मुलं वापरतात ती, म्हणजे बोर्डावर 'कै. अमुक तमुक विज्ञान भवन' असलं आणि सगळे त्याला 'सायन्स बिल्डिंग' म्हणत असले तर 'सायन्स बिल्डिंग'च.

फोन नंबरांच्या यादीत सर्वांत वर प्राचार्यांचा नंबर असतो. मानाच्या दृष्टीनं ते बरोबर आहे. पण गॅसचा व्हॉल्व्ह कुठला हे शिपायाला माहीत असतं, मेन स्विच वायरमनला, सोडियमची बरणी कोणत्या कपाटात हे प्रयोगशाळा सहायकाला. वरचे तीन नंबर त्यांचे असावेत, प्राचार्यांचा चौथा.

हे पान लॅमिनेट करून, पावसाळी हवेत बुरशी धरू नये म्हणून दोन्ही बाजूंनी नीट चिकटवून, गेटवरच्या लाल पेटीत ठेवायचं. ब्रिटनमध्ये ग्रेनफेल टॉवरच्या आगीत जून २०१७ मध्ये ७२ माणसं गेली. त्यानंतर इंग्लंडमध्ये २०२३ पासून उंच निवासी इमारतींना अशी सुरक्षित माहितीपेटी आणि मजल्यांचे नकाशे ठेवणं सक्तीचं झालं. अमेरिकेत किल्ल्यांची पेटी दारालाच बसवतात, ती फक्त अग्निशमन दलाच्या किल्लीनं उघडते. आपण एवढ्या थाटाची वाट बघायची गरज नाही. साधी लोखंडी पेटी, काचेचं दार, आत पान आणि ग्रिलच्या किल्ल्यांचा क्रमांक घातलेला जुडगा.

यावर पहिली हरकत येते ती चोरीची: किल्ल्या आणि नकाशा गेटवर ठेवले तर चोराला आयतं आमंत्रण. दुसरी हरकत परीक्षा विभागाची, प्रश्नपत्रिकांच्या खोलीची. दोन्ही हरकती रास्त आहेत. किल्ल्या सील केलेल्या पाकिटात ठेवता येतात, सील तुटलं की दुसऱ्या दिवशी कळतं. आणि नकाशावर 'परीक्षा विभाग' लिहायची गरज नाही, 'लोखंडी दार, खिडक्यांना ग्रिल' एवढं जवानाला पुरतं. त्याला आत काय कागद आहेत याच्याशी देणंघेणं नाही, खोलीतून बाहेर पडायची वाट आहे की नाही याच्याशी आहे.

हरकतींखेरीज एक सूचना हल्ली प्रत्येक बैठकीत येते: क्यूआर कोड लावू. लावा. पानाच्या कोपऱ्यात कोड असला तर स्टेशन ऑफिसरला प्रत्येक मजल्याचा नकाशा फोनवर उघडता येईल. पण कोड पानाच्या जागी नको. हातमोज्यांनी फोन चालत नाही, धुरात कॅमेरा चालत नाही, आणि तीन वर्षांनी संस्थेची वेबसाइट बदलली की ती लिंक कोणाला आठवणार? त्यापेक्षा पानाची एक प्रत आपल्या भागाच्या अग्निशमन केंद्रात देऊन ठेवावी. केंद्रातला माणूस ते समोर धरून वायरलेसवरून वाटेतल्या गाडीला सांगू शकतो: मागच्या गेटानं या, पुढे मांडव आहे.

मांडवाचा उल्लेख सहज केला, पण तो खरा आहे. वसईतल्या कॉलेजांची मैदानं लग्न, मेळावे, क्रीडास्पर्धा, मतमोजणी अशा अनेक कामांना लागतात. त्या दिवशी गाडीची पक्की जागा मांडवाखाली जाते. म्हणून मैदान देताना मांडववाल्याच्या करारातच त्या जागेचा चौकोन पिवळ्या रंगानं आखून द्यावा.

पान करायचं कोणी? सिव्हिलच्या विद्यार्थ्यांना सर्वेक्षण शिकायचंच असतं, राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना उपक्रम हवाच असतो. पहिलं पान काढायला एक रविवार पुरेल. ते झाल्यावर केंद्रातल्या जवानांना चहाला बोलवावं, पान हातात देऊन आवारात सोडावं आणि मागे फिरू नये. ते जिथे चुकतील तिथे पान चुकलेलं आहे.

पुढचा भाग कंटाळवाणा आणि तोच खरा. ग्रिल बदलतात, स्टोअर एका मजल्यावरून दुसऱ्यावर जातं, वायरमन नोकरी सोडतो. जानेवारी आणि जुलैत 'फॉर्म बी'साठी एजन्सीचा माणूस येतोच. त्याच दिवशी पान घेऊन त्याच्याबरोबर आवारात एक फेरी मारायची, बदल लाल पेनानं करायचे, नवीन पान छापून पेटीत आणि केंद्रात पोचवायचं. पानाच्या तळाशी तारीख, आणि तारखेखाली दोन सह्या. एक एजन्सीच्या माणसाची. दुसरी त्या दिवशी गेटवर असलेल्या वॉचमनची, त्यानं पेटी स्वतः उघडून मेन स्विच बोटानं दाखवल्यानंतर.